गोठण्याआधीची रात्र

एक ऑगस्टला बोटी समुद्रात जायच्या, तर त्याआधी बर्फ तयार हवा. माझा सगळा जुलै महिना या एका हिशेबावर चालतो. बंद पडलेले बर्फाचे कारखाने पुन्हा चालू करून देणं हा माझा धंदा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो, पुष्कळशा माशांच्या विणीचा हा काळ असतो, आणि माणसाने थोडं बाजूला व्हावं हे बरंच. बोटी ओढून वर घेतात, खलाशी आपापल्या गावी जातात, कारखान्यातला वायू टाकीत कोंडून यंत्रं झाकून ठेवतात. मग जुलैचा शेवटचा आठवडा उजाडतो आणि माझा फोन वाजायला लागतो. "कधी येताय?" बंदरं वेगळी, माणसं वेगळी, प्रश्न तेवढा एकच.

या वेळी रत्नागिरी. मिरकरवाडा बंदराजवळचा एक जुना कारखाना. एक दिवस काम, एक रात्र जागरण, दुसऱ्या दुपारी परत. मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसलो. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलेलं, त्यामुळे गाडी दरडींचा अदमास घेत, जपून चालत होती. उक्षी सोडल्यावर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येतो. तो संपला की मी बॅग उतरवतो, ही जुनी सवय.

रत्नागिरी स्टेशनवर उतरणाऱ्याला समुद्र दिसत नाही. स्टेशन वर, सड्यावर आहे. रिक्षा जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून, ओल्या गवतातून, शाळा आणि कचेऱ्या मागे टाकत उतरत जाते, आणि बराच वेळ हे गाव समुद्रकाठचं आहे याचा पत्ताच लागत नाही. मग वाऱ्याचा वास बदलतो. पर्यटक इथे येतात ते मोसमात, आंब्याच्या दिवसांत, गणपतीपुळ्याला जाता जाता. त्यांना काळा समुद्र आणि पांढरा समुद्र दाखवतात. मांडवीकडची वाळू काळी आणि मिऱ्याच्या बाजूची पांढरी, म्हणून ही नावं. मला या गावाचा तिसरा समुद्र ठाऊक आहे. तो कारखान्याच्या फरशीखाली, टाकीत असतो. त्याच्याविषयी पुढे सांगतो.

मिरकरवाडा रत्नदुर्गाच्या डोंगराच्या आडोशाला आहे. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालासारखा, माथ्यावर भगवतीचं देऊळ, दीपगृह, आणि पश्चिमेचा वारा त्या डोंगराने अंगावर घेतलेला. मी पोचलो तेव्हा बंदर पावसात काम करत होतं. निळ्या प्लास्टिकखाली माणसं जाळी सांधत बसली होती. कुठे बोटीच्या तळाला रंग लागत होता, कुठे इंजिन सुरू करून बघत होते आणि डिझेलचा धूर पावसात वर न जाता पाण्यालगत पसरत होता. नेपाळी खलाशी परत आले होते. डोंगरातली ही मुलं दरवर्षी इथे येऊन कोकणातल्या बोटींवर राबतात. अजून बोटीवर बिऱ्हाड लागलेलं नव्हतं, म्हणून ती एका पडवीत पिशव्या उशाला घेऊन बसली होती. एवढ्या माणसांचं एकाच तारखेकडे डोळे लावून बसणं मी दुसरीकडे फक्त पालखीच्या गावात पाहिलं आहे.

कारखान्यात यंत्र चालवणारे चाचा माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे. मी त्यांच्या हाताखाली काही गोष्टी शिकलो आहे, ज्या कॉलेजात शिकवत नाहीत. पाइपला हात लावून आतला वायू कोरडा येतोय की ओला, हे ते सांगतात आणि मागून माझा मापक तेच सांगतो. त्यांनी दार उघडलं. दोन महिने कोंडलेल्या हवेत गंज, तेल, ओलं लाकूड आणि त्यामागे अगदी पुसट, नाकाच्या शेंड्याला टोचणारा अमोनिया.

बर्फ कसा होतो, हे सांगायला मला अजूनही आवडतं. फरशीखाली लांबरुंद टाकी असते, वर जाड लाकडी झाकणं. टाकीत मिठाचं पाणी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आमच्या टाकीतलं पाणी त्याच्या कितीतरी पट खारट. म्हणूनच ते शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही. त्यात पत्र्याचे उंच डबे बुडवलेले असतात, डब्यांत गोडं पाणी. खारं पाणी वाहतं राहतं आणि त्याच्या मिठीत गोडं पाणी दगड होतं. हा माझा तिसरा समुद्र. त्याला भरती-ओहोटी नाही, लाटा नाहीत, आणि त्याच्यावाचून बाहेरच्या समुद्रातला मासा बाजारापर्यंत पोचत नाही.

टाकीतली उष्णता काढून न्यायचं काम अमोनियाचं. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे ३३ अंशांवर उकळतो. मिठाच्या पाण्यातून फिरणाऱ्या नळ्यांमध्ये तो उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता त्या पाण्यातून ओढून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ खेचतो, दाबतो, बाहेरच्या नळ्यांत ढकलतो. त्या नळ्यांवरून पाणी ठिबकत असतं, तिथे वाफ आपली उष्णता टाकून पुन्हा द्रव होते आणि परत टाकीकडे निघते. अखंड येरझार. हा वायू निष्ठुर आहे. डोळे आणि छाती जाळतो, पितळ-तांबं खातो. पण तो लपत नाही. गळती कुठे आहे ते नाक सांगतं, आणि नेमकी जागा गंधकाची पेटती कांडी सांगते. जिथे वायू असेल तिथे तिच्याभोवती दाट पांढरा धूर उठतो. शिवाय पाण्याला तो वश आहे. ओला पंचा नाकातोंडावर बांधला की दारापर्यंत जायला अवसर मिळतो. चाचांच्या खांद्यावर म्हणूनच बारा महिने पंचा असतो आणि दाराशी भरलेली बादली.

दिवसभर आम्ही यंत्र उघडून बसलो. व्हॉल्व्हच्या पट्ट्या, रिंगा, शाफ्टचं सील. समुद्राची हवा लोखंडाला दोन महिनेही निवांत सोडत नाही. बाहेरच्या नळ्यांवरचे गंजाचे पापुद्रे एक पोरगा तारेच्या ब्रशने खरवडत होता आणि लाल पाणी अंगणातून वाहत होतं. दुपारी जवळच्या खानावळीतून डबा आला. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, सुक्या जवळ्याची चटणी. ताज्या माशांचं गाव या दिवसांत सुक्यावर जेवतं. मला ते जेवण फार मानवतं. उन्हाळ्यात वाळूवर पसरून ठेवलेल्या उन्हाची ती चव असते.

दिवेलागणीला यंत्र चालू केलं. हा क्षण घाईचा नाही. बाहेर जाणारी वाट आधी पूर्ण मोकळी करायची, मग यंत्र रिकामं फिरवायचं, आणि आत खेचणारा व्हॉल्व्ह केसभर, केसभर उघडत न्यायचा. एकदम उघडला तर वाफेबरोबर द्रव आत येतो आणि पोलादाच्या पट्ट्या फुटतात. मी चाकावर, चाचा पाइपवर हात ठेवून. "थांबा." "आता." "अजून जरा." पाइप गार झाला, मग ओला झाला, आणि मग त्या ओलीवर पांढरं फुलू लागलं. आधी वाकणापाशी ठिपके, मग ते जोडले गेले, मग सगळ्या पाइपभर हिमाचा लेप यंत्राच्या दिशेने सरकत आला. कोकणातल्या जुलैच्या दमट हवेत, भिंतीला घाम फुटलेला असताना, लोखंडावर हिम चढताना बघणं. इतकी वर्षं हे काम करतो, पण या वेळी मी कुणाशी बोलू शकत नाही.

टाकीतलं पाणी तेव्हा सव्वीस अंशांवर होतं. ते उतरत जाऊन शून्याखाली गेल्याशिवाय डबे भरून उपयोग नाही. म्हणजे रात्र जागायची. दर अर्ध्या तासाने तापमान, दाब, तेल वहीत लिहायचं. बाहेर पाऊस धो धो लागला आणि उघड्यावरच्या नळ्यांवरही तोच कोसळत होता. आमच्या टाकीतली उष्णता त्या रात्री पाऊस वाहून नेत होता.

चाचा बोलत राहिले. त्यांच्या वडिलांच्या काळी बर्फ नव्हता, तेव्हा मासा किती लांब जाई? डोक्यावर पाटी घेऊन बाई ऊन चढण्याआधी जेवढं चालू शकेल तेवढा. त्यापुढचा मासा मिठात किंवा वाळूवर. चांगली मासळी भरभरून आली की घरात आनंद होई आणि धास्तीही. एवढ्या माशाचं दुपारपर्यंत करायचं काय? मला ते ऐकताना जाणवलं की माशाचा धंदा म्हणजे पाण्याबाहेर काढल्या क्षणापासून संपत जाणाऱ्या वेळेशी चाललेली झटापट आहे. बांगडा, सुरमई, कुपा यांसारख्या माशांना उष्ण हवेत तासन्‌तास ठेवलं तर त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, आणि मासा कितीही शिजवला तरी ते विष जात नाही. त्याला एकच उपाय, पकडल्या घटकेपासून थंडावा. आणि आपल्याकडच्या माशांवर निसर्गाची एक मेहेरबानी आहे. उबदार पाण्यातला मासा बर्फात ठेवला तर सहसा थंड समुद्रातल्या माशापेक्षा जास्त दिवस टिकतो, कारण त्याच्या अंगावरचे जंतू उबेला सरावलेले असतात. शून्याजवळ त्यांचं काही चालत नाही.

बर्फाचं बळ त्याच्या वितळण्यात आहे. एक किलो बर्फ नुसता वितळून शून्य अंशाचं पाणी होताना जेवढी उष्णता पितो, तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणून बोटीच्या पोटातला फोडलेला बर्फ कमी झालेला दिसला की तांडेल हळहळत नाही. तो वितळला म्हणजे त्याने मासा राखला. १८३३ साली बोस्टनहून निघालेल्या जहाजाने तिथल्या गोठलेल्या पाण्याच्या लाद्या कलकत्त्याला आणल्या, पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला. लाकडाच्या भुशात गुंडाळून, विषुववृत्त ओलांडून, चार महिन्यांचा प्रवास करून आलेला तो बर्फ साहेबांच्या आणि धनिकांच्या पेल्यांत पडे. मिरकरवाड्याच्या खलाशाच्या हाती बर्फ यायला त्यानंतर पुष्कळ काळ जावा लागला. माझ्या मते बर्फाची खरी जागा पेल्यात नाही, बोटीच्या पोटात आहे.

रात्री दोनच्या सुमारास दिवे गेले. यंत्र एक लांब श्वास सोडून थांबलं. मी बॅटरी लावून व्हॉल्व्ह बंद केले, चाचांनी झाकणांवर गोणपाटं टाकली. टाकीच्या भिंती जाड असतात, तासाभरात काही बिघडत नाही, तरी जीव टांगणीला लागतो. आणि त्या काळोखात मला समुद्र ऐकू आला. दिवसभर तो शंभर पावलांवर होता आणि यंत्राच्या आवाजाखाली दबलेला. आता पावसाच्या मागून, डोंगराच्या पलीकडून तो आपटत होता. लाट फुटून दगडांतून परत ओढली जाताना जो खरखरणारा आवाज होतो तोसुद्धा निराळा कळत होता. चाचा म्हणाले, "अजून खाली बसला नाय तो." कायद्याने बंदी एकतीसला उठेल, पण समुद्राने होकार दिल्याशिवाय शहाणा तांडेल बोट काढत नाही. कित्येक जण नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. पण बर्फ मात्र तयारच हवा. बोटवाल्याने थांबावं, बर्फाने थांबवू नये.

त्या अंधारातच चाचांनी मनातलं काढलं. पूर्वी बोटी सकाळी जात आणि संध्याकाळी भरून येत. आता मासा लांब गेला, बोटी दिवसेंदिवस बाहेर राहतात, बर्फ जास्त लागतो आणि पाटी हलकीच येते. मोठ्या घेराची पर्ससीन जाळी, प्रखर दिवे लावून मासा गोळा करणं, यांवर निर्बंध आले. दिव्यांच्या मासेमारीवर तर केंद्र सरकारने २०१७ पासून बंदी घातली. तरी चोरटे दिवे दिसतात म्हणून किनाऱ्यावर भांडणं होतच असतात. मी ऐकत राहिलो. बर्फामुळेच बोटींना लांब जाता आलं, जास्त दिवस राहता आलं, जास्त ओढता आलं. हे मला माहीत आहे आणि ते मनाला लागतं. पण बर्फ नसता तर पकडलेल्यातला केवढा तरी मासा कुजून वाळूत पुरला गेला असता, हेही तितकंच खरं आहे. पकडलेला एकही मासा वाया जाऊ नये, एवढं तरी माझ्या हातात आहे, आणि तेवढं मी मनापासून करतो. किती पकडायचा, हे ठरवणाऱ्यांनी चाचांसारख्या माणसांना विचारून ठरवावं, असं मला फार वाटतं.

तासाभराने वीज आली. पुन्हा चाक, पुन्हा केसभर, पुन्हा हिम. पहाटे चारच्या पुढे पाणी शून्याखाली उतरलं. उजाडेपर्यंत उणे पाच. चाचांनी पोराला उठवलं, गोड्या पाण्याचा नळ सोडला आणि रांगेने डबे भरायला सुरुवात झाली. मोठी लादी गोठायला दिवसभर लागतो. ती पाहायला मी थांबणार नव्हतो.

गाडी दुपारनंतरची होती. अंघोळ करून, डोळ्यांत झोप घेऊन मी थिबा राजवाड्याकडे गेलो. रत्नागिरीत आलो आणि वेळ असला की मी तिथे जातो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा, १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० मध्ये तयार झाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा इथेच वारला. तीस वर्षं. मंडालेच्या सिंहासनावर होता त्याच्या कितीतरी पट काळ तो या गावात होता. जांभ्याच्या त्या लाल इमारतीच्या वरच्या मजल्यावरून भाट्याची खाडी आणि तिच्या तोंडाशी समुद्र दिसतो. पावसात दोन्ही राखाडी होतात आणि कुठे नदी संपते ते कळत नाही.

तीस वर्षं समुद्रासमोर बसलेल्या त्या माणसाला करायला काही नव्हतं. त्या सकाळी मला त्याच्याविषयी जे वाटलं ते आजवर कधी वाटलं नव्हतं. खाली बंदरात माणसांना तास पुरत नाहीत, बर्फ फोडून फोडून ते वेळ विकत घेतात. आणि वर या खिडकीत एका माणसावर वेळ लादलेला होता, सरकारी खर्चाने, पहाऱ्यासकट. तोच समुद्र, तीच हवा. या किनाऱ्यावरून बोटी सुटताना त्याने पाहिल्या असतील. त्यांतली एकही त्याच्यासाठी नव्हती. त्याच्या थोरल्या लेकीची मुलगी पुढे याच गावात मराठी बोलत वाढली आणि म्हातारी झाली. मला ते कळलं तेव्हा बरं वाटलं होतं. कुणीतरी त्या घरातून गावात उतरलं, बाजारात गेलं, मासळीच्या भावावरून घासाघीस केली असेल. गाव तुमचं व्हायला गावात काहीतरी काम असावं लागतं, घरचं असो की बाहेरचं. माझं तिथे दरवर्षी एका रात्रीचं काम आहे, आणि तेवढ्यावर मी रत्नागिरीला मनात माझं म्हणतो.

चाचांच्या घरून सोड्यांची पुडी आली होती, ती बॅगेत टाकली. गाडीत बसल्या बसल्या झोप लागली, करबुडे कधी गेलं कळलं नाही.

एकतीस तारखेला संध्याकाळी फोन आला. पहिली लादी निघाली होती. डबा उचलून साध्या पाण्यात बुडवला, कलता केला आणि लादी सुळकन बाहेर आली, चाचा सांगत होते. "पण मधे पांढरी राहिलीय." पाणी गोठताना त्यातली हवा आणि क्षार आत आत ढकलले जातात आणि शेवटी गोठणाऱ्या गाभ्यात अडकतात. डब्यातलं पाणी हवेच्या बुडबुड्यांनी हलतं ठेवलं तर लादी काचेसारखी निघते. मी म्हणालो, हवेच्या नळ्या तुंबल्या असतील, काढून फुंकून घ्या, आणि गाभा गोठत आला की त्यातलं पाणी उपसून नवं घाला. "ते करतो हो," चाचा म्हणाले, "पण या लाद्यांचं काय? बोटवाले दारात उभे आहेत." मासा राखायला पांढऱ्या गाभ्याचा बर्फसुद्धा तेवढाच थंड असतो, द्या सगळ्या, मी सांगितलं. त्यांनी फोन बाजूला धरून कुणाला तरी मोठ्याने हाक मारली आणि क्रशर चालू करायला सांगितलं.